कारण उद्या लिहिते

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी फिरून आलो. गॅसचा नंबर लावला. दुपारी इन्व्हर्टरवाला बॅटरीत पाणी भरायला आला. त्याला म्हटलं, टीव्हीखालच्या काळ्या डब्यातही बघून घ्या, त्याचा हिरवा दिवा हल्ली लुकलुकतो. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, हा डबा आमचा नाही."

तीन वर्षं मी तो इन्व्हर्टरचाच भाग समजत होतो. वायर धरत गेलो तर ती इंटरनेटच्या राउटरला निघाली. डब्यावर सौ.च्या अक्षरात पट्टी चिकटवलेली आहे: बंद करू नये. वि. त्यामुळे बंद केला नाही. दर गुरुवारी पुसतो. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, 'करू नये' लिहिलेलं कधी केलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डबा पुसला. मग सौ.चा लॅपटॉप उघडला. ऑगस्टपासून कपाटात होता. पासवर्ड तिच्या पाककृतींच्या वहीत मिळाला, कळण्याच्या भाकरीच्या पानावर, कोपऱ्यात.

चारशेच्या वर निरोप. सगळे इंग्रजीत. सगळे 'भरीत' या माणसाला. भरीत म्हणजे सौ.

दुपारभर वाचलं तेव्हा थोडं कळलं. हे एक क्रिप्टोचं नाणं आहे, लहानसं. त्याच्या सगळ्या व्यवहारांची एकच वही आहे आणि ती जगभर लोकांच्या घरी अशाच डब्यांत ठेवलेली आहे. दर दहा मिनिटांनी वहीला एक पान जोडतात. त्याला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक डबा ते पान स्वतः तपासतो. आपला डबा त्यातला एक.

सौ.ने एकदा सांगितलं होतं, जगाची एक वही आहे, ती मी तपासते. गणिताची बाई, रिटायर झालेली. मला वाटलं शाळेने पेपर पाठवले असतील.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तिचा शेवटचा निरोप सापडला. १७ ऑगस्ट, संध्याकाळ. दोन वाक्यं. मराठीत लिहायचं तर: "मला हा बदल मान्य नाही. कारण उद्या लिहिते."

१८ ला सकाळी ती उठली नाही.

त्याखाली सहा महिन्यांचे निरोप आहेत. पहिल्या आठवड्यात, 'भरीत, वाट बघतोय.' मग, 'भरीत, घाई नाही.' दिवाळीच्या सुमारास, 'भरीत, थोडी घाई आहे.'

सगळं काम तिच्यासाठी थांबलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

नियम वाचून काढले. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

या नाण्याला ऑफिस नाही. साहेब नाही. कोणाला नियम बदलायचा असेल तर त्याने प्रस्ताव लिहायचा. बाकीच्यांनी वाचायचा, आक्षेप घ्यायचे. मतदान नसतं. आक्षेपाला उत्तर देऊन समाधान झालं तर प्रस्ताव पुढे सरकतो, नाही झालं तर तिथेच बसतो. सरकल्यावरही सक्ती नाही. नवा प्रोग्रॅम ज्याने त्याने आपल्या डब्यात आपल्या हाताने घालायचा. अर्ध्यांनी घातला आणि अर्ध्यांनी नाही, तर वहीला फाटा फुटतो. एकाच्या दोन वह्या. दोन्हीकडचे म्हणणार, खरी आमची. भाऊबंदकीच.

अडलेला प्रस्ताव असा: दहा मिनिटांऐवजी दर अर्ध्या मिनिटाला एक पान, पानाचा आकार तोच. त्याने व्यवहार झटपट होतील. मांडणाऱ्याचं टोपणनाव इंग्रजीत आहे, मी इथे घुबड लिहितो. प्रस्तावांची नोंद ठेवणारा दुसरा आहे, त्याला लिंबू. लिंबूला अधिकार काही नाही, फक्त सगळे त्याचं ऐकतात. दोघं कुठल्या देशाचे, कोणालाच माहीत नाही.

सगळ्यांची हरकत मिटली आहे. एक सोडून.

सौ.चे जुने निरोपही वाचले. ती प्रस्तावांना गुण द्यायची. घुबडाच्या एका प्रस्तावाला दहापैकी तीन. खाली शेरा: उत्तर बरोबर, रीत चूक. दुसऱ्याला: पायऱ्या दाखवा. हे लोक तिला घाबरून होते. आणि सगळे तिला पुरुष समजतात.

हिने स्वतःच्या पायऱ्या मात्र

२२ फेब्रुवारी, रविवार

आज घोटाळा केला.

लॅपटॉप उघडला की तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पाहिला. 'भरीत आला.' 'भरीत, बरा आहेस ना?' मग घुबड: 'भरीत, तुझा आक्षेप संपला असं समजू का?'

काही उत्तर देणं मला जमेना. पण वाचून गप्प बसणंही बरं दिसत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी करतो ते केलं. अंगठा दिला. लग्न, बारसं, दशक्रिया, काहीही असो, मी अंगठा देतो. म्हणजे पोचलं.

इथे त्याचा अर्थ मान्य असा होतो.

पाच मिनिटांत गहजब. भरीतने माघार घेतली. घुबडाने नाचणारं चित्र टाकलं. एकाने लिहिलं, भरीत असा माघार घेणार नाही, कोणीतरी त्याचा लॅपटॉप चोरला असेल. ते मला रास्त वाटलं, आणि तोल सांभाळावा म्हणून त्यालाही अंगठा दिला. मग लिंबूने शांत राहा म्हणून विनंती केली. त्यालाही दिला.

संध्याकाळपर्यंत भरीतच्या तीन अंगठ्यांवर एकाने लांबलचक लेख लिहिला. त्याच्या मते भरीतची भूमिका खोल आहे आणि आपण ती समजून घेण्यात कमी पडतोय.

शेवटी लिंबूने ठरवलं की अंगठा म्हणजे कारण नव्हे. भरीतने शब्दांत लिहावं. तोवर आक्षेप उभा.

लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. पाणी प्यालो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शेजारच्या अक्का ताक घेऊन आल्या. सौ. गेल्यापासून सोमवारी ताक, गुरुवारी भाजी. डब्याबद्दल सौ.ने त्यांना सांगितलं होतं म्हणे. मला नाही सांगितलं ते. किंवा सांगितलं असेल.

त्यांना कालचं सांगितलं. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "तिनी नही म्हनं ना? मंग नहीच शे. कारण काय लागस?"

हा नियम लिंबूला कळवावा असं वाटलं.

१ मार्च, रविवार

नियमावलीत एक कलम राहिलं होतं वाचायचं. आक्षेप घेणारा कायमचा निघून गेला आणि त्याने कारण दिलेलं नसेल, तर आक्षेप रद्द.

कायमचा निघून गेला.

म्हणजे त्यांना कळलं की त्याच दिवशी संपलं. कळलं नाही तोवर तिचं 'मान्य नाही' उभं. बाकी तिचं सगळं मिटवून झालं. पेन्शन बंद केली, रेशनकार्डातून नाव काढलं, मोबाइलचं सिम परत केलं. प्रत्येक ठिकाणी मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत दिली. दहा प्रती काढल्या होत्या, एक उरली आहे.

ही मी कोणाला देणार नाही.

८ मार्च, रविवार

धुळ्याहून अण्णा आले. सौ.चे थोरले भाऊ. कापसाच्या जिनिंग सोसायटीवर पंधरा वर्षं संचालक होते, तीनदा पॅनल निवडून आणलं. मी काही बोलणार नव्हतो, पण त्यांनी डब्यावरची पट्टी वाचली.

पहिलं विचारलं, नाणी किती आहेत. जवळजवळ नाहीत, म्हटलं. ती फक्त तपासायची. त्यांना ते पटायला वेळ लागला.

मग विचारलं, "अध्यक्ष कोण?"

अध्यक्ष नाही.

"बरं. मतदान कधी?"

मतदान नसतं.

"मग ठरतं कसं?"

बोलून. सगळ्यांचं बोलून संपलं की ठरलं.

"संपतं?"

नाही.

अण्णांनी वाकून डब्याकडे बघितलं. म्हणाले, "म्हणजे आपल्या जिनिंगसारखंच, पाहुणे. फक्त चहा नाही."

जेवल्यावर त्यांचा बेत ठरला. धुळ्यात आणि पाचोऱ्यात भाऊबंदांच्या घरी वीस डबे बसवायचे आणि घुबडाचं पॅनल पाडायचं. डब्यांची संख्या इथे मोजत नाहीत, हे सांगितल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. मग ते म्हणाले की कारण आपणच लिहू, आणि मजकूर सांगायला लागले: सदर बदल हा सभासदांच्या हितास बाधक असून. सभासद नाहीत, म्हटलं. "लिहायला काय जातं," म्हणाले.

लिहून घेतलं. पाठवलं नाही. तिच्या नावाने मी कसं लिहू? दुसऱ्याच्या सहीवर सही करणारे खात्यात पाहिलेत, त्यांचं पुढे काय झालं तेही पाहिलंय.

१४ मार्च, शनिवार

तिचं कारण शोधतोय. तिने कुठेतरी लिहिलं असेल. ती भाजीची यादीसुद्धा आधी कच्ची करायची, मग पक्की.

आज वह्या काढल्या. सतरा वह्या. एकीत घुबडाच्या सगळ्या प्रस्तावांची आकडेमोड, लाल शाईत. पण याच प्रस्तावाची नाही.

१५ मार्च, रविवार

सापडलं.

वहीत नव्हतं. किराण्याच्या यादीत होतं, जी मी १७ ऑगस्टला न्यायची विसरलो होतो. फ्रिजवर ठेवलेल्या डब्यात, घडी करून. गवार, कपड्यांचा साबण, वांगी (भरताची, हिरवी मिळाली तरच), आणि खाली रेघ मारून:

टेल. ह्यांना विचारणे.

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. ज्यांची शेतं तिथे, ते टेलचे. त्यांना पाणी सगळ्यांत शेवटी. हे मला विचारायचं होतं तिला. त्या दिवशी मी एरंडोलहून उन्हाचा आलो होतो, जेवून लगेच झोपलो.

काय विचारणार होती, ते कळत नाही.

१८ मार्च, बुधवार

पाचोऱ्याला सौ.च्या मामेभावाला फोन केला. त्याचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, टेलला आहे, वाटलं त्याबद्दल असेल. त्याने पाऊण तास मला पाणी न आल्याबद्दल ऐकवलं, वर्षवार. मी त्या भागात नेमणुकीला कधी नव्हतो, हे त्याला वीस वर्षं माहीत आहे. शेवटी म्हणाला, ताई नेहमी विचारायची, पाणी खाली का पोचत नाही, मी सांगायचो घरात माणूस आहे त्याला विचार. ती म्हणायची, त्यांना विचारलं की ते नकाशा काढतात.

खरं आहे. काढतो.

५ एप्रिल, रविवार

घुबडाची नोटीस. आठ महिने एका वाक्यासाठी थांबलो, आता बस. मेअखेरपर्यंत भरीतने कारण दिलं नाही तर तो नवा प्रोग्रॅम सगळ्यांसमोर ठेवणार, ज्याला घालायचा त्याने घालावा. फाटा फुटला तर फुटला.

लिंबूने लिहिलं की त्याला झोप लागत नाही. एका आजोबांनी (तो स्वतःला आजोबा म्हणवतो, वय माहीत नाही) विचारलं, कोणी भरीतची चौकशी केली का, माणूस आजारी असू शकतो.

ते वाचून मी ठिपका दिसू नये म्हणून पटकन बंद केलं. दरवाजा वाजल्यावर आत लपून बसावं तसं.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)

अण्णा आणि वहिनी सकाळीच आले. यंदा सौ.च्या नावाची घागर भरली. अक्कांनी सगळं मांडून दिलं. नवी घागर, वर लहान गडू, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला कैरी. पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य. आजवर या दिवशी मी गेलेल्या आई-वडिलांची घागर भरायचो आणि सौ. मागे उभी राहून म्हणायची, सांडू नका. यंदा सांडलं.

जेवण झाल्यावर अण्णा टीव्हीखाली बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "इथं तिची घागर भरली, पाहुणे. आणि तिथं तिला हजेरीपटावर ठेवलंय."

मी घागरीजवळ सांडलेलं पाणी पुसलं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मी बोललो नाही असं समजा."

अक्का भांडी घासत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. जाताना दारात थांबल्या. "नाना, सांगी टाका बठ्ठासले. बाई वाट पाहाले लावनारी नव्हती."

सगळ्यांना सांगून टाका, म्हणे. वाट बघायला लावणारी नव्हती ती, हे खरं. बसस्टँडवर मला अर्धा तास उशीर झाला की

२ मे, शनिवार

काही नाही. ४४ अंश. दोनदा आंघोळ.

१२ मे, मंगळवार

सकाळी अकराला कोपऱ्यावरची डीपी, लाइटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच पडलेली होती, दहा मिनिटांत बसली. डबा बंद. पट्टीवर लिहिलंय बंद करू नये, पण लाइटवाल्यांना कोण वाचून दाखवणार.

पाचला लाइट आली. डब्याची काळजी वाटली म्हणून लॅपटॉपवर त्याचं पान उघडलं. लिहिलेलं होतं: ३६ ब्लॉक मागे. बरोबर आहे, सहा तास, तासाला सहा पानं. डबा एकेक पान तपासून पुढे सरकत होता. मी सवयीने घड्याळ लावून बसलो. चारीवर पाणी सोडलं की काडी टाकून वेग मोजायचो तसंच. एका पानाला चाळीस सेकंद. चहा झाला, पिऊन झाला, कप धुऊन झाला, तेव्हा डबा सगळ्यांच्या बरोबरीला आला. पंचवीस मिनिटं.

अक्का खिडकीतून विचारत होत्या, "नाना, डबडं काय म्हनस?" म्हटलं, पोचलं.

१३ मे, बुधवार

पहाटे फिरताना लक्षात आलं. अर्ध्या वाटेवरून परत आलो.

आपल्या डब्याला उन्हात एका पानाला चाळीस सेकंद लागतात. घुबडाला दर तीस सेकंदांना पान हवंय. एक तपासून होईतो दुसरं आलेलं, त्याच्यावर तिसरं. लाइट गेली नाही तरी तो मागे पडणार, गेली तर विचारायलाच नको. आणि कधीच पोचणार नाही. उशिरा नाही, कधीच नाही.

मग असे डबे लोक बंद करतील. उरतील ते थंड खोलीतले, मोठ्या लोकांचे. वही तपासणारे तेवढेच. बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा.

हे टेलचंच आहे. वरच्यांनी दारं मोठी उघडली की वर पाणी झपाझप पोचतं, कागदावर पाण्याचं आवर्तन लवकर संपतं, साहेब खूश. टेलला चारी कोरडी. पाणी तितकंच सोडलेलं असतं. मी यावर बत्तीस वर्षं रिपोर्ट लिहिले.

तिला हेच विचारायचं होतं. वाटतं. नक्की माहीत नाही.

सौ.च्या लाल पेनाने पाकिटामागे आकडेमोड केली. पायऱ्या दाखवल्या.

२४ मे, रविवार

दहा दिवस कच्चं, मग पक्कं. आज पाठवलं. इंग्रजीत, पण खात्याच्या टिपणीसारखं, दुसरी रीत मला येत नाही. मराठीत असं:

"विषय: दर अर्ध्या मिनिटाला ब्लॉक करणेबाबत. भरीत या नावाने लिहिणाऱ्या विजया या १८ ऑगस्टला वारल्या. मी त्यांचा नवरा. फेब्रुवारीतले तीन अंगठे माझे होते, त्यांचा अर्थ काही नव्हता. विजया यांचं कारण मला माहीत नाही. त्यांच्या यादीत 'टेल, ह्यांना विचारणे' एवढं आहे. त्यांचं विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर मी पुढीलप्रमाणे सांगितलं असतं."

पुढे आकडे, डीपी, ऊन, टेल म्हणजे काय. एक नकाशा जोडला. खाली नाव आणि कालवा निरीक्षक, सेवानिवृत्त.

बटण दाबायच्या आधी उरलेली दाखल्याची प्रत काढून ठेवली होती. ती कोणी मागितली नाही.

२५ मे, सोमवार

सकाळी उघडलं. निरोपांच्या जागी वांगी. कोणीतरी भरीत म्हणजे काय ते शोधून काढलं होतं आणि श्रद्धांजली म्हणून प्रत्येकाने एकेक वांगं टाकलं होतं. जांभळी, ओळीने, पानं सरकवत राहिलो तरी संपेनात. आपल्याकडे भरताला हिरवं लागतं, पण ते तरी कुठून आणणार.

आजोबांनी लिहिलं की भरीतने त्यांना एकदा दहापैकी नऊ दिले होते. ते त्यांनी घरच्यांना दाखवलं होतं.

घुबडाने दोन दिवस बोलणार नाही म्हणून लिहिलं. मग अर्ध्या तासाने बोलला. वाईट वाटलं, खूप शिकलो त्याच्याकडून, माफ करा, तिच्याकडून. पण.

पण नंतर बरंच होतं. एका गरम गावातल्या एका जुन्या डब्यासाठी जगाने थांबायचं का. नवा डबा घ्या.

२७ मे, बुधवार

आता भांडण वेगळंच. माझा आक्षेप जुना समजायचा की नवा. जुना असेल तर सौ. गेल्यावर रद्द. नवा असेल तर नऊ महिने थांबण्याचा मान त्याला नाही. दोन्ही बाजूंनी कलमं.

अण्णांना फोन करून सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "वारस नोंद लागते का? तलाठ्याकडे जाऊ."

तलाठीही नाही म्हटल्यावर म्हणाले, हे लोक राहतात कसे.

३१ मे, रविवार

लिंबूने लिहिलं. डबा तोच आहे, चालू आहे, आणि जो डबा चालवतो तो बोलू शकतो. तेव्हा विजया यांचा आक्षेप रद्द झाला. कालवा निरीक्षकांचा आक्षेप नोंदवला, कारणांसह. दोन्ही एकाच ओळीत.

रद्द शब्द वाचून थोडा वेळ बाहेर ओट्यावर बसलो. अक्का शेंगा सोलत होत्या. मग आत येऊन पुन्हा वाचलं. तिच्या नावासमोर रद्द, त्याच्या पुढे माझं. तिने हातातलं सोडलं आणि मी धरलं असं काहीसं दिसतं, पण ते माझं मला वाटलं असेल.

घुबड ऐकत नाही. १५ जूनला प्रोग्रॅम ठेवणारच. बरेच त्याच्याबरोबर आहेत. बरेच नाहीत. मोजत कोणीच नाही, हीच इथली रीत.

७ जून, रविवार

गुरुवारी घुबडाचा थेट मला निरोप आला, खासगीत. चिडलेला नव्हता. विचारलं होतं, कालव्यावर मग तुम्ही काय करता? टेलचा माणूस कायम शेवटी असतो, त्याला तुम्ही काय देता?

मी लिहिलं, आम्ही टेलपासून सुरू करतो. पाणी आधी खाली नेतो आणि तिथून वर येतो. टेल भिजल्याशिवाय वरचं दार उघडत नाही. निदान नियम तसा आहे.

त्याने विचारलं, इथे तसं कसं करायचं?

सगळ्यांत हळू डबा कुठला ते आधी बघायचं, त्याच्या वेगाने सुरुवात करायची, असं काहीतरी. पण पायऱ्या नाहीत माझ्याकडे. लिंबू म्हणतो, मग तुम्हीच प्रस्ताव लिहा. अण्णांना हे कळल्यापासून ते उमेदवारी उमेदवारी म्हणत फिरताहेत. वहिनींनी सांगितलं, धुळ्यात दोन ठिकाणी पेढे वाटले.

घुबडाला उत्तर द्यायचं राहिलंय. 'उद्या लिहितो' एवढं टाइप केलं होतं. पुसलं. आजच बसलो, जेवढं येतं तेवढं लिहिलं, खाली 'अपूर्ण' असं लिहून पाठवलं.

त्याने अंगठा दिला. अर्थ माहीत नाही.

१४ जून, रविवार

उद्या घुबडाचा प्रोग्रॅम. किती जण घालतील, वही एक राहील की दोन होतील, कोणीच सांगू शकत नाही. लिंबूने विचारलं, तुमचा डबा उद्या चालू असेल ना, जुन्या बाजूला जितके दिसतील तितके बरे. म्हटलं, असेल.

दुपारी एकला लाइट गेली. कुठे तरी फॉल्ट, चारपर्यंत येईल म्हणाले. नवी बॅटरी आहे, पण पंखा चालला तर ती अडीचपर्यंत. पंखा नसेल तर चारपर्यंत डबा निघेल. हाताला लागला, तापला होता.

पंखा बंद केला. बनियन काढून खुर्चीवर टाकला. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला आणि टीव्हीसमोर खाली बसून डब्याला वारा घालत राहिलो.